भोंग्यावर पोनिजानचं नाव

टीव्हीवरची ती बाई बातमी सांगत होती की दम देत होती, कळायला मार्ग नव्हता. "दर्शकहो! आज! पुन्हा! विक्रम!" प्रत्येक शब्दाला भुवई वर, आणि मागे ढोल. विक्रम म्हणजे मेलेल्यांचा. मग हॉस्पिटलच्या अंगणातले तंबू, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शवपेटी, मग पुन्हा तेच तंबू, तीच पेटी. क्लातेनजवळच्या त्या गावात साथीच्या त्या जुलैत घरोघरी हीच बाई ओरडत होती. तुकिरानच्या घरी ती मागच्या खोलीत ओरडायची, आणि समोर त्याची बायको लासियेम सहा दिवस तापाने पडून होती.

तुकिरान टेंपे करायचा. सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, केळीच्या पानात बांधून आंबवायचं आणि बाजारात द्यायचं. पण गाव त्याला ओळखायचं ते आवाजामुळे. तीस वर्षं मशिदीत बांग तोच देत होता, आणि गावात कुणी गेलं की भोंग्यावरून सांगायचाही तोच. बांगेची वेळ नसताना भोंगा खरखरला की चुलीपुढच्या बायकांचा हात थांबायचा. पूर्वी हे महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं. आता दिवसाला तीनदा, चारदा. त्याची सांगायची चाल ठरलेली होती. आधी नाव, मग वय, मग गल्ली, मग कुणाचा कोण, आणि शेवटी दफन किती वाजता. वयापाशी तो जरासा थांबायचा. तेवढ्यात ऐकणारे स्वतःचं वय मनात मोजून घ्यायचे.

त्या सकाळी गल्लीप्रमुख बू हार्नीने, म्हणजे हार्नीबाईने, दिलेली बोटाला लावून प्राणवायू मोजायची चिमटी नव्वदवर आली. दवाखान्यातली नर्स अंगणातूनच म्हणाली, "तुकिरानकाका, आजच हलवा. उद्यावर टाकू नका."

तुकिरान मागच्या खिडकीशी गेला. आत जायची मनाई होती. "ऐकलंस ना? तालुक्याच्या हॉस्पिटलात खाट आहे म्हणे."

"मी नाही जायची." लासियेम भिंतीकडे तोंड करून बोलली. "तिथं चालत जातात आणि प्लास्टिकमधून येतात. तोंडसुद्धा बघू देत नाहीत. मला इथंच राहू द्या."

"कोण म्हणतं?"

तिने टीव्हीकडे बोट केलं.

तुकिरानने खिडकीतून हात घालून तार उपटली. बाईचा "विक्र..." अर्धाच राहिला.

"तार ओढून काय होणार?" लासियेम धाप टाकत म्हणाली. "माझ्या डोक्यात चालूच आहे ती. आणि ती थांबली की तुमचा भोंगा सुरू होतो. काल पाच मेलेले सांगितलेत. मी मोजले."

तुकिरान परसात येऊन उभा राहिला आणि बंद पडलेल्या टीव्हीशीच भांडायला लागला. "अगं बये, कधी परत आलेला माणूसही दाखव की! आमच्या गावातून सात गेले. दोन मातीत गेले, दोन अजून तिथंच आहेत, पण तिघं आपल्या पायांनी आले ना? ते तिघं कुठं दडवलेस?"

तिघांतला तिसरा म्हणजे विटा पाडणारा पोनिजान. तो आदल्या संध्याकाळीच आला होता, तालुक्याच्या त्याच हॉस्पिटलातून. आणि तुकिरानच्या डोक्यात एकदम आलं: टीव्ही सांगत नाही ना? मग आपण सांगू! भोंगा काय फक्त मेलेल्यांचाच आहे?

तो तसाच मशिदीत गेला. सकाळचे दहा वाजले होते. बटण दाबलं. भोंगा खरखरला आणि गाव चिडीचूप झालं.

आता चांगली बातमी सांगायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं जीभ एकाच वाटेने चालली होती. ती त्याच वाटेने निघाली, त्याच जड, घोगऱ्या आवाजात. "सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते. पोनिजान. वय एकसष्ट." आणि सवयीने तो थांबला.

तेवढ्यात वीटभट्टीच्या गल्लीतून किंकाळी आली. मग दुसरी. "काल संध्याकाळी... बरे होऊन... आपल्या घरी..." तो पुढे बोलत होता, पण ऐकायला होतं कोण? बायका पाट्यांत तांदूळ भरून निघाल्या होत्या, सांत्वनाला. दोन बाप्ये बांबू तोडायला धावले. कुणी मांडवाच्या खुर्च्या काढल्या. शेजारची तुमिनी तर पोनिजानच्या दारात बसकण मारून रडायला लागली, आणि स्वतः पोनिजान आतून लुंगी सावरत बाहेर आला. "कोण गेलं गं?" तुमिनी त्याच्याकडे पाहून किंचाळली आणि पाटी टाकून पळाली.

तुकिरान घराकडे धावला. खिडकीतून पाहतो तर लासियेमने डोक्यावरून पांघरूण ओढलेलं. पायांची बोटं तेवढी बाहेर.

"अगं, तो जिवंत आहे! मी तेच सांगत होतो!"

"नाव वाचलंत," ती पांघरुणातून म्हणाली. "वय वाचलंत. त्याच हॉस्पिटलातला ना तो?" बोलताना तिचा हात पांघरुणाबाहेर आला; चिमटी बोटातच होती. तिच्यावर अठ्ठ्याऐंशी दिसत होतं. टीव्हीवाल्या बाईला जे सहा दिवसांत जमलं नव्हतं, ते त्याने एका श्वासात केलं होतं.

एवढ्यात परसातून आरडाओरडा आला. "तुकिरान! बाहेर ये, मुडद्या!" दोन मास्क एकावर एक चढवून पोनिजान येत होता, रागाने लाल, दर दहा पावलांवर दम खात. "मला मारलंस? घरात सहा पाट्या तांदूळ येऊन पडलेत! परत कुणाकुणाला देऊ? बायको माझ्याकडे बघतेय आणि रडतेय!"

तुकिरानने त्याला हाताला धरून ओढलं आणि खिडकीसमोर उभं केलं.

लासियेमने पांघरूण डोळ्यांपर्यंत खाली घेतलं.

"मास्क काढा," ती म्हणाली.

पोनिजानने चार पावलं मागे सरून मास्क खाली केला. गाल बसलेले, दाढी वाढलेली, पण पोनिजानच.

"तंबूत ठेवलं होतं का हो?"

पोनिजानने तुकिरानकडे पाहिलं. तुकिरानने डोळ्यांनी विनवलं, चांगलं सांग.

पण पोनिजान अजून रागातच होता, त्याला चांगलं सांगायचं सुचलंच नाही. "तंबूतच! दोन रात्री. दुपारी आत नुसती भट्टी. माझ्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा गेला, माझ्यादेखत. मी भीतीने लुंगीत मुतलो, खोटं कशाला सांगू? मग नळी लावली नाकात. तिसऱ्या दिवशी आत खाट मिळाली. नर्स पोरी नखशिखान्त प्लास्टिकमध्ये, कोण कुठली कळत नाही, म्हणून छातीवर नाव लिहून फिरतात. एक होती, रोज उकडलेलं अंडं आणायची आणि मी खाईपर्यंत हलायची नाही. फार खडूस. मी अंडं खाल्लं. मग आलो घरी."

"नळीने दुखतं?"

"नाक कोरडं पडतं. पण दम येतो, बू. इथं तुला येतोय का?"

लासियेमने तोंड उघडलं. वाक्य पुरं करण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता. शेवटी तिने उशीखालचा रुमाल काढून डोक्याला बांधला, बाजाराला निघताना बांधायची तसा.

"मोटार बोलवा," ती म्हणाली. "भोंगावाली नको."

बू हार्नीने गावातली मालवाहू गाडी आणली. मागे गादी टाकली. तुकिरानला सोबत जायची परवानगी नव्हती. गाडीची मागची फळी लावायच्या आधी लासियेमने त्याला बोटाने जवळ बोलावलं. तो दोन हातांवर थांबला.

"काही झालंच तर," ती एकेक शब्द वेचत म्हणाली, "तुम्ही वाचू नका. दुसऱ्या कुणाला वाचायला लावा. तुमचा आवाज मध्येच बसेल. लोकांना वय कळायचं नाही."

गाडी वळणाआड गेली तरी तुकिरान "नाही वाचणार, नाही वाचणार" असं मोठ्याने सांगत तिच्यामागे चालत होता.