पालथा तांब्या

पाडव्याला देवयानीने बर्मिंगहॅमच्या घराच्या खिडकीबाहेर गुढी उभारली. शेजारी तिची बायको ग्वेन हसत उभी होती. आठवड्याने गोऱ्यांचंच राज्य मागणाऱ्या एका टोळक्याने त्या क्षणाचा फोटो घराच्या पत्त्यासकट इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'या दोघींना हुसकवा.'

फोटो कुणी काढला ते पोलिसांना उमगेना. देवयानीला मात्र त्यात गुढीवरच्या पालथ्या तांब्याचा तळ दिसला. म्हणजे फोटो वरून काढलेला. तेवढ्या उंचीवर समोर एकच खिडकी होती, कीथ या शेजाऱ्याच्या माळ्याची.

"तांब्या हा काही पुरावा नव्हे, मॅडम," पोलीस म्हणाले.

ग्वेन तर चिडलीच. "कीथ? माझ्या ऑपरेशननंतर रोज सूप आणून देणारा कीथ? उद्या तुला माझाही संशय येईल."

देवयानीने विषय तिथेच सोडला. ग्वेनशी भांडून ती या देशात कुणाकडे जाणार होती?

शनिवारी ग्वेन आईकडे कार्डिफला निघाली. निरोप द्यायला कीथ दारात आला, तेव्हा तिने घराची जादा किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"ही एकटी घाबरते रे. लक्ष ठेव."

"काळजी नको," म्हणत कीथने किल्ली खिशात टाकली.

टॅक्सी वळली. देवयानीने सवयीने त्याला चहाचं विचारलं आणि तो आत आला.