किल्लीवाल्यांची परतफेरी

किल्लीवाल्यांच्या घरचा कुठलाही प्रवास एका दमात सुरू झाला नाही. पिशव्या उचलायच्या, दाराला कुलूप घालायचं, ते तीनदा ओढून बघायचं, गल्लीच्या तोंडापर्यंत यायचं, की किल्लीवाल्यांचा चेहरा पडलाच म्हणून समजा. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," असं म्हणून ते माघारी पळत. कुलूप लागलेलंच असे. बत्तीस वर्षांत एकदाही ते उघडं सापडलं नव्हतं. मुलीनं लहानपणीच या प्रकाराला 'परतफेरी' नाव ठेवलं आणि ते गल्लीभर झालं.

पण त्यांचंही खरं होतं. ज्याचा सगळा दिवस दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात जातो, त्याचा स्वतःच्या कुलपावर भरवसा बसणार तरी कसा? त्यातून दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. भिंतीवर एक लांब फळी, फळीवर खिळे, आणि खिळ्यांवर गल्लीतल्या साठेक घरांच्या जादा किल्ल्या. कुणी दाराबाहेर अडकून पडलं की इथेच धावत येई. खिळ्याखाली ना नाव ना आकडा. कुठली किल्ली कुणाची, ते एकट्या किल्लीवाल्यांच्या डोक्यात. आपलं दार उघडं राहिलं तर अख्खी गल्ली उघडी पडली, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. फक्त या जबाबदारीपायी रस्त्यावर पिशव्या सांभाळत उभी राहायची ती त्यांची बायको.

तिला प्रवासाचं विलक्षण वेड. ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा, खिडकी तिची, खिडकी सताड उघडी, पदराला बांधलेल्या आंबट गोळ्या, आणि सामान म्हणाल तर एक पिशवी. रस्ता समोरून येताना दिसला पाहिजे, असं म्हणायची. किल्लीवाल्यांना शेवटची जागा लागे, दाराला चिकटून. का, तर उतरावं लागलं तर पटकन उतरता यावं! एकाच गाडीत नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या, हे बघून कंडक्टर विचारायचे, "भांडण झालंय का?"

लग्नानंतर दोघं समुद्र बघायला निघाली, तर परतफेरीत सकाळची गाडी चुकली. पोचेपर्यंत काळोख. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं म्हणून पहाटेच परत. तिनं समुद्र नुसता ऐकला. मुलगी सात वर्षांची असताना डोंगरातल्या तळ्यावर चार दिवस जायचं ठरलं, तेव्हा तर हे गृहस्थ अर्ध्या वाटेत फाट्यावर उतरले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवले. त्या सहलीचे अकरा फोटो आहेत. अकराही फोटोंत मायलेकी आहेत आणि मध्ये एका माणसाची जागा सोडलेली आहे. ती जागा बायकोनं मुद्दाम सोडायला लावली होती. आल्यावर फोटो दाखवून म्हणाली, "हे बघा, इथे तुम्ही." तेव्हा सगळे पोट धरून हसले. किल्लीवालेही हसले. आता त्यांना ते हसणं आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

नऊ दिवसांपूर्वी दोघं मुलीकडे निघाली होती. स्टँडवर, गाडी लागलेली असताना, किल्लीवाल्यांचा चेहरा पडला.

"आलोच," ते म्हणाले.

तिनं त्यांची बाही धरली. असं तिनं कधी केलं नव्हतं. "आज नका ना जाऊ. मला बरं वाटत नाहीये. सोबत बसा."

"अगं, दहा मिनिटांत आलो. कंडक्टरला गाडी थांबव म्हणावं."

कुलूप लागलेलं होतं. परत आले तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती आणि पहिल्या खिडकीत तिचा हात दिसत होता. तो हात हललाही नाही.

रात्री फोनवर ते कडाडले, "जरा थांबवता आली नाही गाडी?"

"थकले मी गाड्या थांबवून," ती म्हणाली आणि फोन मुलीकडे दिला.

झालं, स्वारी रुसली. दुकानात कामाचा ढीग पडलाय असं मुलीला सांगून ते घरीच बसले. आठ दिवस दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. बरं वाटत नाही म्हणजे काय होतंय, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

आणि आज पहाटे मुलीचा फोन. "बाबा, आईच्या छातीत खूप दुखायला लागलं. दवाखान्यात आणलंय. नऊला ऑपरेशनला घेणार आहेत. डॉक्टर म्हणतात…" पुढे तिला बोलवेना. "बाबा, पहिलीच गाडी पकडा. दुसरीनं आलात तर दहा वाजतील."

किल्लीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सदरा उलटा घातला, सुलटा केला. भिंतीवरचं कुलूप काढून हातात घेतलं, तेवढ्यात फोन आतच राहिल्याचं आठवलं, आत गेले, फोन पिशवीत टाकला आणि अनवाणीच दारापर्यंत येऊन पुन्हा चपलांसाठी वळले. स्टँडवर पोचले तेव्हा गाडी सुरू झालेली होती. चढले आणि सवयीनं दाराजवळच्या शेवटच्या जागेवर बसले.

फाटा जवळ आला तशी ती नेहमीची शंका आलीच. कुलूप लावलं का? त्यांनी डोळे मिटून हाताला विचारलं. हाताला कुलूप ओढल्याचं आठवेना. मुलीचा फोन आला का बघावं म्हणून पिशवीत हात घातला, तर बोटांना थंडगार लोखंड लागलं. कुलूप. कडी उघडी असलेलं, दारावर असायला हवं होतं ते कुलूप, त्यांच्या पिशवीत.

बत्तीस वर्षं ज्याच्या भीतीनं पळाले ते आज खरंच झालं होतं. दार नुसतं लोटलेलं. आत फळी, फळीवर साठ घरं. शेजारच्या शिंप्याला फोन करावा म्हणून फोन काढला, तर चार्जिंगची शेवटची रेघ उरलेली. शिंप्याशी बोलण्यात ती संपली आणि दवाखान्यातून फोन आला तर? फोन मुठीत आवळून ते तसेच बसले. दरदरून घाम फुटला होता.

"काय झालं, काका?" कंडक्टरनं विचारलं.

"घर उघडं राहिलं. सताड."

"मग उतरा की. समोरून गाडी येईलच आता. तासाभरात घरी." आणि त्या भल्या माणसानं घंटी मारली.

गाडी थांबली. दार शेजारीच होतं, एका पावलावर. याच फाट्यावर ते बायको-मुलीला सोडून उतरले होते. किल्लीवाले उठले. पाय आपसूक पायरीकडे वळले, पाठ होती त्यांना ती वाट. पलीकडून परतीची गाडी खरंच येत होती. इकडे साठ घरं, तिकडे एक बाई, असा हिशेब क्षणभर त्यांच्या डोक्यात आला, आणि आपण असा हिशेब करू शकतो याचीच त्यांना किळस आली.

"काका, उतरताय ना?"

"नाही," ते म्हणाले. "चला. हाका गाडी."

मग ते दांडे धरत पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या मागच्या रिकाम्या जागेवर बसले. रस्ता समोरून अंगावर येत होता. असा रस्ता त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. खिडकी उघडली. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येतं म्हणावं, तर वारा लागायच्या आधीपासूनच येत होतं. चहाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरपुढे अक्षरशः हात जोडले. त्यानं अर्धा कप तसाच ठेवला.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर ते धापा टाकत पोचले तेव्हा नऊला सात मिनिटं कमी होती. मुलगी बघतच राहिली.

"बाबा, तुम्ही? पहिल्या गाडीनं? आई तर सगळ्यांना सांगत होती, ते दुसऱ्या गाडीनं येतील, तोवर मला आत नेऊ नका. डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही."

बायको स्ट्रेचरवर होती. आठ दिवसांत केवढी लहान दिसायला लागली होती. त्यांना बघून तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"परत नाही गेलात?"

किल्लीवाल्यांनी पिशवीतून कुलूप काढून तिच्या हातात ठेवलं. ती त्या उघड्या कडीकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं.

"अगं बाई! म्हणजे घर…"

"उघडं आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फाट्यावर कळलं."

ती हसली. हसताना दुखलं तशी थांबली, पुन्हा हसली. दोन्ही हातांनी कडी दाबायला लागली. ताकद पुरेना, म्हणून त्यांनी वरून हात ठेवला. खट् झालं.

"घ्या. लागलं कुलूप," ती म्हणाली आणि ते त्यांच्या हातात दिलं. "आता बसा इथे. उठू नका."

"चुकलो गं मी," किल्लीवाले शेजारच्या बाकावर बसत म्हणाले. "समुद्रापासून चुकलो."

ती काहीतरी म्हणाली, पण तेवढ्यात स्ट्रेचर हललं. ते उठले नाहीत. तिनं सांगितलं होतं म्हणून दुपारी तीनपर्यंत त्याच बाकावर बसून राहिले, पाणी प्यायलासुद्धा हलले नाहीत. तीनला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मुलीला बाजूला बोलावलं.

तिचे दिवस उरकून बाराव्या दिवशी किल्लीवाले एकटे घरी परतले. गल्लीच्या तोंडाशी पाय घुटमळले नाहीत. दार लोटलेलं होतं आणि उंबऱ्याशी शेजारचा शिंपी आपलं मशीन मांडून बसला होता. त्यांना पाहून तो लगबगीनं उठला. घरी येईपर्यंत कुणाला काही कळवायचं त्यांना सुचलंच नव्हतं, त्यामुळे त्याला काही ठाऊक नव्हतं.

"अहो, कुठे होतात इतके दिवस? फोनही बंद, दार उघडं टाकून! त्या सकाळी मी बघितलं. तेव्हापासून मशीन इथेच आणलंय. रात्री झोपायलासुद्धा इथेच." त्यानं त्यांना हाताला धरून आत नेलं आणि फळी दाखवली. साठही किल्ल्या आपापल्या खिळ्यांवर होत्या. "मोजून घ्या हवं तर. सगळं जागच्या जागी. तुमच्या घरातून काहीसुद्धा गेलेलं नाही."

किल्लीवाल्यांनी खिशातलं बंद कुलूप काढलं आणि एका मोकळ्या खिळ्याशी उभे राहिले.

"हो ना," ते म्हणाले.