सायकलवाल्या साहेबांचा ड्रायव्हर

निजामुद्दीन सव्वीस वर्षं गाडी चालवत होता. नुसती चालवत नव्हता, मिरवत होता. दोन हजार आठ साली चितेगावच्या एका कारखान्यात डेन्मार्कहून येन्स साहेब दोन वर्षांसाठी येणार, उस्मानपुऱ्यातल्या बंगल्यात बायको-मुलीसह राहणार आणि त्यांची पांढरी गाडी आपल्याकडे येणार, हे कळलं तेव्हा त्यानं किराडपुऱ्यातल्या आपल्या सगळ्या गल्लीला चहा पाजला. जरा घाईच झाली.

कारण ही माणसं उतरली आणि तिसऱ्या दिवशी तीन सायकली घेऊन आली. साहेब पंधरा किलोमीटरवरच्या कारखान्यात सायकलनं, मॅडम भाजीला सायकलनं, सहा वर्षांची फ्रेया शाळेला सायकलनं. पैठण रोडची धूळ, ट्रक, कुत्री, निजामुद्दीननं सगळ्यांची भीती घालून पाहिली. साहेब हसले आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लवकर निघाले.

मग तो गाडी घेऊन मागं लागला. पुढं घामानं निथळणारे साहेब, मागं पहिल्या गिअरमध्ये रिकामी एसी गाडी आणि तिच्यामागं एसटीपासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत हॉर्न बडवणारी सगळी जनता.

"मयत हाय का कुणाची?" पाचोडच्या कडूबा टमटमवाल्यानं खिडकीशी येऊन विचारलं.

त्या संध्याकाळी साहेबांनी त्याला मागं न येण्याची विनंती केली. माणूस सभ्य होता, म्हणून विनंती.

महिनाअखेरीस गाडी कंपनीला परत द्यायचं ठरलं. गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला? पण साहेब मोडक्या हिंदीत म्हणाले, "गाडी जाना. तुम नहीं जाना. कल से तुम भी सायकल. बाजार, रास्ता दिखाना, फ्रेया का स्कूल." आणि त्यांनी एक कोरी करकरीत काळी सायकल त्याच्यापुढं उभी केली.

खरी गोम इथंच होती. निजामुद्दीनला सायकल येत नव्हती. बाराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, तो सरकत सरकत थेट स्टिअरिंगवर गेला. दोन चाकांची पाळीच आली नाही. कन्नडच्या घाटात दहाचाकी मागं घेणाऱ्यानं हे सांगायचं तरी कुणाला? आणि नाही सांगितलं तर नोकरी टिकायची कशी?

पहिल्या दिवशी तो सायकल ढकलत फ्रेयाबरोबर शाळेपर्यंत चालत गेला. हवा गेली म्हणाला. दुसऱ्या दिवशी चेन बिघडली. तिसऱ्या दिवशी त्या पोरीनं चाक दाबून पाहिलं, चेन फिरवून पाहिली आणि कमरेवर हात ठेवून, शाळेतल्या पोरांकडून महिनाभरात उचललेल्या हिंदीत म्हणाली,

"चाचा, तुमको आता नै."

त्यानं सायकल स्टँडला लावली.

"किसी को नै बोलती मैं," ती म्हणाली.

रोज दुपारी बंगल्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर शिकवणी सुरू झाली. फ्रेया कॅरिअर धरून मागं पळायची. "नीचे नको देखो, चाचा, सामने!" दरवेळी पडण्याआधी त्याचा डावा पाय क्लच शोधायचा आणि उजवा ब्रेक. वळताना तो आरसा शोधायचा, आणि आरसा नाही हे ध्यानात येईस्तोवर गाजरगवतात गेलेला असायचा. साहेबांना पहिल्याच दुपारी खिडकीतून सगळं दिसलं होतं. त्यांनी पडदा ओढून घेतला आणि नोकरीबद्दल एक शब्द काढला नाही. हे निजामुद्दीनला फार नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा त्याला रडू आलं.

तिसऱ्या शुक्रवारी तो सायकलवर बसून घरी आला. ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. त्याची बायको जोहरा दारात आली.

"गाडी कां है?"

"गई."

"और नौकरी?"

"है. बैठ पीछे."

"लोकां क्या बोलेंगे?"

"बोलने दे."

सव्वीस वर्षांत त्यानं कितीतरी मॅडमना गाडीचं दार उघडून दिलं होतं. जोहराला मात्र त्यातल्या एकाही गाडीत बसायची मुभा नव्हती, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिनं बुरखा सावरला, कॅरिअरवर बसली आणि त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली. हिमायतबागेच्या चढाला तो पार दमला, पण तिला उतर म्हणाला नाही.