मुरीची वाळू

जानेफळच्या शाळेचे शिपाई उकंडराव आषाढात तीन दिवसांच्या तापानं गेले आणि त्यांची बायको मनकर्णाबाई रडली नाही. गावाला ही गोष्ट फार लागली. बायका आल्या, तिच्या गळ्यात पडल्या, तिच्या वाटचंही रडून गेल्या. ही आपली भिंतीला टेकून बसलेली. पंधराव्या दिवशी तिनं फुटाण्यांची भट्टी पेटवली, तेव्हा तर गावाला नवा विषयच मिळाला. बसल्या जागी जीभ हलवायला काय लागतं?

खरं म्हणजे तिला आत काही वाटतच नव्हतं. भाकरी खाल्ली की नाही, हेही आठवून पाहावं लागे. बाजाराच्या दिवशी हात कढईतली वाळू ढवळत, हरभरे फुटत, चाळणीत पडत; आणि हे सगळं दुसरीच कुणी बाई करते आहे, असं तिला वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत विज्ञानाचे अर्जुनराव मास्तर बैलगाडीत काचेची टाकी घालून तिच्या दारात आले. टाकी म्हणायला शाळेची. कौतुक मास्तरांचं व्हायचं आणि खस्ता उकंडराव खायचे. पाणी त्यांनी बदलायचं, गांडुळं त्यांनी उकरायची. आत नदीतल्या मुऱ्या होत्या. मुरी म्हणजे बोटाएवढी ठिपक्यांची मासोळी. तोंडाशी बारीक मिशा, आणि सारा जन्म तळाच्या वाळूत. नऊ होत्या, त्यांतल्या चार उरल्या होत्या.

"वहिनी, शाळेले कुलूप लागलं. तिथं मरतीन ह्या," मास्तर म्हणाले. "उकंडरावाचा जीव होता यायच्यावर. तुमच्यापाशी राहू द्या."

"राहू द्या," ती म्हणाली. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

अकरा वर्षं उकंडराव जेवताना मुऱ्यांच्या गोष्टी सांगायचे. "एकडाव पाहाले तं ये," म्हणायचे. "येईन ना, अजी," ती म्हणायची. शाळा हाकेच्या अंतरावर. पण भट्टी सोडून मासोळ्या पाहायला कोण जातं? ती एकदाही गेली नव्हती.

आता टाकी घरातच आली, म्हणून तिनं पाहिलं. मुऱ्या वाळूत नव्हत्या, वरच पडून होत्या. तोंडं लाल झालेली, मिशांचे नुसते खुंट. तिनं पाण्यात हात घालून तळातली मूठभर रेती काढली आणि ती तळहाताला बोचली.

"हे काय टाकलं, मास्तर?"

मास्तर कानकोंडे झाले. तपासणीला साहेब येणार होते. उकंडरावांची जुनी वाळू मळकट दिसत होती, ती फेकून दिली. सडकेचं काम चालू होतं, तिथला गिट्टीचा काळाभोर चुरा आणून टाकला. साहेबांनी टाकी वाखाणली होती.

"आन् ह्या तोंड खुपसून खातेत ना? मंग तोंड नाही का सोलणार?"

मास्तर बी.एस्सी. होते. हे त्यांना सुचलं नव्हतं.

तिनं चुरा उपसून टाकला. मुऱ्या मरू नयेत, एवढं एकच तिला कळत होतं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मास्तरांनी नदीची वाळू आणवली. भट्टीवाल्याला वाळूची पारख असावी लागते. धारदार कणांची वाळू हरभऱ्याच्या चिरेत अडकते आणि खाणाऱ्याच्या दाताखाली येते. तिनं चिमूटभर ओली करून मनगटाच्या आतल्या बाजूला घासली. कातडी लाल झाली. "पुराची हाय. नवी रेती, टोचते," ती म्हणाली. मग मास्तरांनी कुठून तरी पांढरीशुभ्र वाळू पैदा केली. ती मऊ होती, पण मास्तरांनीच तिच्यावर लिंबू पिळलं तर ती फसफसली. तिच्यात चुना होता; पाणी बिघडलं असतं.

तोवर चारांतली एक मेली.

मनकर्णाबाईनं त्या दिवशी भट्टी विझवली आणि कढईतली वाळू थंड होऊ दिली. सासूच्या हातची वाळू ती. तीस वर्षं ढवळून ढवळून तिच्या कणाकणाची धार गेलेली. मनगटावर घासली तरी जाणवेना. पण फुटाण्यांचं मीठ आणि हळद तिच्यात मुरलेली. विहिरीवर बसून तिनं ती धुतली. दर पाण्याला चार कण जिभेवर ठेवायची, खारट लागले की पुन्हा धुवायची. सात पाणी झाली. मग उकळली, पुन्हा धुतली.

जाऊ सिंधूताई धावत आली. "अवं, काऊन पोटावर पाय देऊन राह्यली? अशी रेती व्हाले अजून तीस वर्सं लागतीन! मासोळ्यायसाठी भट्टी बंद?"

"हाव," ती म्हणाली आणि दोन बोटं जाडीचा थर टाकीत पसरला.

आठव्या दिवशी सकाळी मास्तर आले. टाकीत एकही मासोळी दिसेना. त्यांचा चेहरा पडला. "गेल्या का हो, वहिनी?"

"हायेत." तिनं बोट दाखवलं. वाळूतून डोळ्यांच्या तीन जोड्या वर पाहत होत्या, बाकी अंग पुरलेलं.

तेवढ्यात एक मुरी उठली. तिनं वाळू तोंडात घेतली, चाळली, कल्ल्यांतून सोडून दिली. मनकर्णाबाई काचेला नाक लावून बसली होती. खुंटांच्या जागी केसाएवढं काही तरी हलत होतं. तिनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

"अजी!" ती अंगणाकडे तोंड करून ओरडली. "अजी, या ना पाहाले! हिले मिशी फुटली!"

अंगणात कोणी नव्हतं. मास्तरांनी मान खाली घातली.

चार महिने सगळं गाव तिला सांगत होतं की उकंडराव गेले, आणि ती मान डोलावत होती. ते तिला त्या घडीला कळलं.