आक्काचा पुढचा दात

आक्काच्या दहाव्याला मी तिला खोटं हसवलं.

आज वर्ष झालं. सकाळपासून तीन पाहुण्यांनी तोच व्हिडिओ स्टेटसला ठेवलाय. म्हणून लिहितोय, नाहीतर हल्ली लिहायचाही कंटाळा येतो.

माझा धंदा बारामतीत सगळ्यांना माहीत आहे. स्क्रीनचा.
आधी फ्लेक्स होते, मग एलईडी वॉल आली. आता सोनाराच्या दुकानात काचेसारखी आरपार स्क्रीन लावतो, लग्नात नवरदेव हवेत तरंगताना दाखवतो. उद्घाटन असो नाहीतर दहावा, लोकांना हलणारं चित्रच पाहिजे. नुसता फोटो लावला की म्हणतात, "एवढंच व्हय?"

आक्का माझी थोरली बहीण, लासुर्ण्याला दिलेली. एकदा दुकानात आली, तर मी कौतुकानं सगळ्या स्क्रीन चालू केल्या.
तिनं डोळ्यांवर पदर धरला. "बंद कर बाबा. माणसाचं तोंड कुठं दिसतंय ह्यात? नुसता उजेडच हाय."

ती गेली तेव्हा माझ्याकडे तिचा एकही व्हिडिओ नव्हता.
अख्ख्या तालुक्याला स्क्रीनवर चढवणारा मी!

फोटो मिळाला तो भाचीच्या लग्नातला, तोंड मिटलेला. म्हटलं, बहिणीचं काम आहे, कमी पडायला नको. एआयमध्ये टाकला आणि लिहिलं, 'हात जोडून हसताना'. प्रवचनाच्या मंडपाशेजारी मोठी वॉल उभी केली. ऊन होतं, ब्राइटनेस फुल केला.

आक्का दहा फुटी झाली. हात जोडले. हसली.

बायका रडल्या. दाजी म्हणाले, "बेस दिसती रं."
डाळजच्या एका पाहुण्यांनी माझा हात धरला, "आमच्या तात्यांचं असंच करून द्या."
तिथंच खिशातनं कार्ड काढून दिलं मी. खरंच दिलं. लाज वाटते आता.

भाची सोनाली तेवढी जवळ आली.
"मामा, ही आई न्हाय."
"अगं, फोटो आईचाच हाय."
"मग तिचा तुटका दात कुठाय?"

मी वळून वॉलकडे बघितलं.

आक्काचा पुढचा दात अर्धाच होता. लहानपणी हापशावर पाणी भरताना ती पडली आणि दांड्यावर तोंड आपटलं. तेव्हापासून ती जन्मभर तोंडावर पदर घेऊन हसली. फोटोत तर कधीच नाही.

मशीननं तिला पांढरेशुभ्र दात बसवले. आणि मी तपासलं काय? बोटं नीट आलीत का, साडीचा रंग फिका पडला का. तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

पेनड्राइव्ह उपटून काढला, पण तोवर लोकांनी मोबाइलवर शूट केलं होतं.

परवा सोनालीच्या पोरीला त्या दाताची गोष्ट सांगितली. तिनं मोबाइलच पुढं धरला. "न्हाय आबा, आज्जीचे दात चांगले हायेत की!"


आज तिच्या नावानं पान वाढलं, हात जोडले, डोळे मिटले. तर स्क्रीनवरचीच आली. खरी काही केल्या येईना.

ज्यांच्याकडे तो व्हिडिओ आहे त्यांनी डिलीट करा, पाया पडतो.

आणि आक्का, हापशाचा दांडा माझ्या हातात होता. मी चेष्टेत सोडला आणि तो उसळून तुझ्या तोंडावर बसला. मला मार बसू नये म्हणून तू घरी सांगितलंस, "मीच पडले." सगळ्यांनी ते खरं मानलं, मीही मानू दिलं.

आज सगळ्यांदेखत सांगतो. तू पडली नव्हतीस.

येतो आक्का.