त्याच डोळ्यांत दुसऱ्यांदा पाहताना

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. हिवरा आश्रमाच्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे. तो सांभाळून मी जीवसांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वैद्यकीय संशोधनात आकडे कसे गोळा करायचे आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तिथे शिकवतात. वर्गातली मुलं माझ्या मुलीच्या वयाची. शिकवणाऱ्या मॅडमही माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण मला ‘सर’ म्हणायच्या. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

प्रात्यक्षिकासाठी गाव हवं होतं, तेव्हा मी माझ्याच भागातलं सुचवलं. मनात असं होतं, की या पोरांना आकडेमोड येते, पण माणूस पाहायला ती माझ्याकडून शिकतील. प्रात्यक्षिक होतं खालची पापणी ओढून आतला रंग पाहण्याचं. लालसर दिसलं तर ठीक, पांढुरकं दिसलं तर फिकट, म्हणजे अंगात रक्त कमी. हे तर मी रोज करत आलो होतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळीच बाया जमल्या. सोयाबीनचं निंदण, म्हणजे तण काढणं, सुरू होतं, तरी आल्या. मॅडमनी काय करणार ते प्रत्येकीला समजावून सांगितलं. ज्यांना नको होतं त्या चहा घेऊन निघून गेल्या. ओट्यावर बसलेल्या एका मावशींनी मला हाक मारली.

“काहो डॉक्टर, ही माही सून. मागं तुमच्याकडं आणली व्हती. तुमीच डोळे पाहून म्हनलं व्हतं ना, काही नाही म्हनून?”

“म्हटलं असेन, मावशी.”

“मंग सांगा न इले. थकली थकली करते अन् वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसते. लोकं इचारतात, सून आणली का पाहुनी आणली?”

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मला ती आठवत नव्हती. माझ्या एका वाक्याने त्या घरात तिला कामचुकार ठरवलं होतं आणि मला ते वाक्यही आठवत नव्हतं.

“आज पाहू परत,” एवढंच मी म्हणालो.

मॅडमनी सगळ्या बायांना सारख्याच पांढऱ्या ओढण्या दिल्या आणि फक्त लिहिणाऱ्याला दाखवायच्या नंबराच्या चिठ्ठ्या. डोळे सोडून तोंड झाकायचं, बोलायचं नाही. एकेक बाई समोर येणार, मी पापणी ओढून ‘फिकट’ किंवा ‘ठीक’ म्हणणार आणि एक विद्यार्थी ते लिहून घेणार. माझ्यानंतर बाकीच्यांची पाळी होती. मी भराभर सांगत गेलो. पोरं माझ्याकडे पाहत होती, त्यामुळे आवाजही जरा चढला होता.

चहा झाल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, आता पुन्हा एकदा. त्याच बाया, क्रम बदलून.”

मला ते उगाच वेळ घालवणं वाटलं. तरी बसलो. अर्धी रांग सरली असेल. एका बाईची पापणी ओढून मी ‘ठीक’ म्हणालो आणि ओढणीतून आवाज आला, “काहो डॉक्टर, मघाशी तं मले फिकट म्हनलं तुमी. मधात मी कपभर चहाच पेली!”

रांगेत हशा पिकला. मागची एक म्हणाली, “तुह्या चहात काय घातलं व्हतं बाई, आमाले बी सांग!” समोरच्या बाईने ओढणी खाली केली. मावशींची सून होती. ती मात्र हसत नव्हती. “आता कोणतं खरं धरू?” तिने विचारलं.

मी पुढच्या बाईला बोलावलं.

पलीकडच्या खोलीत बायांच्या बोटातलं रक्त मशीनवर तपासायला सुरुवात झाली, तेव्हा मॅडमनी फळ्यावर चार चौकटी काढल्या. दोन्हीदा फिकट, दोन्हीदा ठीक, आधी फिकट मग ठीक, आधी ठीक मग फिकट. शेवटच्या दोन रिकाम्या असायला हव्या होत्या. त्या चांगल्याच भरल्या होत्या.

“पण बहुतेक जणींबाबत माझं मत दोन्हीदा एकच आलंय,” मी म्हणालो.

“सर, न पाहता बोलला असतात तरी काही जणींचं जुळलंच असतं. तेवढं नशिबाचं. ते आधी वजा करू.”

त्यांनी ते वजा केलं. उरलं ते फार थोडं होतं.

लाज नंतर वाटली आणि अजून वाटते. रोज किती पापण्या ओढल्या असतील, त्यांतल्या किती जणी माझा शब्द घेऊन घरी गेल्या असतील, हे मनातून जात नाही. पण त्या क्षणी मी थक्क झालो होतो. लहानपणी सपाट शिवारातून चालत लोणारच्या काठावर गेलो आणि पायाखाली एकाएकी ते खोल, गोल, मुकं पाणी दिसलं होतं, तसंच काहीसं झालं. माणसाचं दुसऱ्याशी पटत नाही, हे सगळेच जाणतात. पण तो स्वतःशी किती सहमत आहे, हे मोजायचं, आणि त्यातून नशिबाचा वाटा काढून टाकायचा, हे कुणीतरी शांतपणे बसून शोधून काढलं होतं. त्या साध्या वजाबाकीला डॉक्टरकीचं, वयाचं, ‘सर’ म्हणवून घेण्याचं काही घेणं नव्हतं. खडूने लिहिलेला तो आकडा माझ्याबद्दल जे सांगत होता, ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सुनेचं रक्त कमी निघालं, चांगलंच कमी. मी ओट्यावर गेलो.

“मावशी, तेव्हा मी चुकलो होतो. हिच्या अंगात खरंच रक्त नाही.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “तवा चुकले, मंग आता बरोबर काह्यावरून?”

“हे माझ्या डोळ्यांनी पाहून नाही सांगत. मशीननं काढलंय.”

“मशीन चुकत नाही काय?”

मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “चुकतं, मावशी. तुमच्यासमोर परत बघू या.”

एका विद्यार्थ्याने मशीन ओट्यावर आणलं. सुनेने दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. मावशी उठून अगदी मशीनवर वाकल्या. आकडा पहिल्यापेक्षा थोडा वेगळा आला, पण होता कमीच. मॅडमनी दोन्ही आकडे सांगितले आणि बाईच्या अंगात किती असायला हवं, तेही सांगितलं. मावशींनी सुनेच्या त्या बोटावरचं रक्त पदराने पुसलं. मग म्हणाल्या, “उद्या निंदाले नको जाऊ.”

“अन् परवा?” सुनेने विचारलं.

मी पुढे होऊन म्हणालो, “मावशी, गोळ्या सुरू करू, पण निदान...”

“तुमी नका सांगू,” मावशींनी मला हातानेच थांबवलं. “मॅडमले सांगू द्या.”

मी बाजूला झालो. मॅडम त्यांच्याजवळ ओट्यावर बसल्या आणि सांगू लागल्या. सून उभी होती, तिला मावशींनी हाताला धरून खाली बसवलं.