दाराबाहेरचा थोरला

मी मस्कतला निघालो त्या सकाळी आई माझ्यामागे अंगणात आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, आत माझ्याच खाटेवर झोपले होते.

"एकदा आत जाऊन सांग त्यास्नी, येतो म्हनून. लय न्हाई, दोन शब्द."

मी बॅगेचा पट्टा आवळत राहिलो. मग बूट घातले. वडगावच्या स्टेशनापर्यंत धाकटी बहीण रूथ सोबत आली.

मस्कतला मी कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. मासळीच्या पेट्या येतात, आमची शिफ्ट त्या रचते. बाहेर अंग भाजतं, आत हाडं गोठतात. गावाकडे सगळ्यांना आणि इथल्या रूममेटनाही मी एकच सांगत आलो, कामासाठी आलो म्हणून. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं.

मी शाळेत असताना अण्णा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेले. आई लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, दहावीनंतर मीही. रूथची फी, घरावरचे पत्रे, सगळं त्या गुळाच्या वासातून आलं. अंगाला तो वास इतका बसला होता की मला गोड खाववत नसे. आणि एक दिवस अण्णा फाटकात उभे. खोकत, हातात एक पिशवी. मला वाटलं, आई दार लावील. तिनं चुलीवर पाणी ठेवलं, त्यांच्या आंघोळीला. पुढच्याच महिन्यात मी व्हिसाच्या मागे लागलो.

बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला, घरचा पैसा उडवून परत आलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट, आईचा फार आवडता. बाप लांबूनच मुलाला पाहून धावत सुटतो, तिथं वाचताना तिचा आवाज कापायचा. आमच्या घरात बापच उधळ्या निघाला, आणि धावली ती आई. त्या दाखल्यात एक थोरला भाऊही आहे. शेतात राबून येतो, आतली मेजवानी ऐकतो आणि रागानं दाराबाहेरच थांबतो. बाप त्यालाही विनवायला बाहेर येतो. पुढं तो आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलेलं नाही. लहानपणी मी आईला विचारलं होतं.

"जाईल की," ती म्हणाली होती. "किती येळ उभा ऱ्हाईल?"

गेल्या नाताळात सुट्टीवर आलो. घरी न जाता लोणावळ्यात हॉटेल घेतलं, टुरिस्टांसारखं. रूथ भेटायला आली.

"हॉटेलात नाश्ता फ्री असतो म्हणे, दादा. आईनं काय बिल लावलं असतं?"

मी हसलो. ती हसली नाही. मग तिनं सांगितलं, तू गेल्यापासून आईनं प्रभुभोजन घेतलेलं नाही.

प्रभुभोजन म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायची भाकर. घरात अबोला असला तर आमची जुनी माणसं ते घेत नाहीत. आधी समेट, मग भाकर. पण आईचा कुणाशीच अबोला नव्हता. चर्चच्या पाळकांनीही तिला तेच समजावलं, अहो, तुम्ही तर दोघांनाही क्षमा केलीत. त्यावर ती म्हणाली, "थोरला भाईर उभा हाय, पाळकसाहेब. मी कशी बसू जेवाया?"

नाताळच्या उपासनेला चर्चमध्ये आई माझ्या शेजारी येऊन बसली. केवढीशी झाली होती.

"अण्णा भाईर रिक्षात बसल्यात," ती हळूच म्हणाली. "पायऱ्या चढवत न्हाईत आता." आणि जरा थांबून, "भिऊ नगंस, पळून जायाचे न्हाईत."

भाकरीचं तबक आमच्या रांगेत आलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. उठून रिक्षापर्यंत जायचं होतं, एवढंच. मी मान खाली घातली. तिनं तबक तसंच पुढच्या बाईकडे दिलं. उपासना संपल्यावर मी बाजूच्या दारानं निघून आलो.

इथं मस्कतला आमची उपासना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी असते. देवाची करुणा अपार आहे, हे ऐकून सगळ्यांबरोबर मीही मान डोलावतो. ती करुणा मला भेटली नाही असं मी म्हणू शकत नाही. चपला घालून ती माझ्यामागे अंगणात आली होती, मीच नको म्हणालो. अण्णांना मी क्षमा केली आहे का? नाही. अजून नाही. इतकं तरी खरं लिहितो.

घर कुठं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी मावळ म्हणायचो. आता उत्तर देताना अडखळतो. माझ्यावाचून जिथं कुणी जेवायचं थांबलं आहे, ते माझं घर. आणि आईला उपाशी मी ठेवलं आहे.